दूरचे सर आणि जवळचा पेशंट

“सर, दिसतंय का?”

रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉल उचलला आणि हा पहिला प्रश्न कानावर आला. दिसत काहीच नव्हतं. ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा, दिवा थेट कॅमेऱ्यात शिरला होता, त्यामुळे मधोमध पांढरा भपका आणि कडेला हिरव्या कापडाची किनार एवढंच होतं. फोन धरून उभ्या असलेल्या ब्रदरला (पुरुष नर्सला) म्हटलं, दिवा जरा बाजूला घ्या, फोन पेशंटच्या डोक्याकडून आणा, अजून थोडा खाली. मग पोट दिसलं. चाळिशी ओलांडलेला शेतमजूर, गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने पेनकिलर खाल्लेला, पोटात दुखायला लागल्यावर दोन दिवस घरीच पडून राहिलेला. ड्युओडेनमला, म्हणजे जठरालगतच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, भोक पडलं होतं आणि ते नेहमीसारखं लहान नव्हतं. “टाका घेतला की कापत जातोय, सर,” पलीकडून आवाज आला. आवाजात भीती नव्हती, थकवा होता. हा माझा जुना विद्यार्थी. सर्जरीत एमएस होऊन वर्षही झालं नव्हतं आणि सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडवर एका ग्रामीण भागातल्या रुग्णालयात तो एकटा सर्जन होता.

मी सांगितलं ते एवढंच: कडा ओढून जुळवत बसू नकोस. टाके लांबून, चांगल्या भागात घे. ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) वर आणून भोकावर बसव, गाठी सैल ठेव. खाण्यासाठी जेजुनममध्ये (लहान आतड्याच्या पुढच्या भागात) नळी टाक, पोट स्वच्छ धू, आतलं पाणी बाहेर यायला ड्रेन ठेव आणि बंद कर. यातलं एकही वाक्य त्याला नवीन नव्हतं. परीक्षेत त्याने हेच उत्तर लिहिलं असतं. पण ते पोट बघून कुणा जाणत्या माणसाने ‘हो, हेच कर’ म्हणावं, याची त्याला गरज होती. पेशंट बाराव्या दिवशी चालत घरी गेला.

याला दूरस्थ पर्यवेक्षण म्हणतात हे त्या रात्री आमच्या दोघांच्याही मनात आलं नव्हतं. महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत हे रोज चाललेलं असतं. त्याची कुठे नोंद नाही, त्याला नियम नाही आणि फोन धरायला जो मोकळा असेल तो धरतो. आता त्याच कामासाठी स्मार्ट चष्मे आले आहेत. काडीवर बारीक कॅमेरा, डोळ्याच्या कोपऱ्यात छोटा पडदा, कानाशी आवाज. शिकाऊ सर्जन जे बघतो ते शेकडो किलोमीटरवरच्या शिक्षकाला दिसतं, आणि शिक्षकाने पडद्यावर काढलेली रेघ शिकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उमटते. सर्जरीच्या शिक्षणात हे यावं का?

माझं उत्तर ‘यावं’ असं आहे. मी बरीच वर्षं सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवलं, आता तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो, आणि या साधनाची गरज मला दोन्ही टोकांकडून कळते. पण हा चष्मा शिक्षकाची नजर नेतो, शिक्षकाचे हात नेत नाही. म्हणून ओटीत हजर असलेल्या शिक्षकाच्या जागी त्याला कधीही धरता कामा नये. तसं धरलं जाईल अशी मला भीती वाटते आणि त्या भीतीला कारणं आहेत.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. चष्मा कुणी घालायचा यावर सगळं अवलंबून असतं. गुगल ग्लास २०१३ मध्ये निवडक लोकांच्या हाती आला, तेव्हा सर्जननी तो स्वतः घातला आणि विद्यार्थ्यांना आपलं ऑपरेशन दाखवलं. लंडनच्या रॉयल लंडन हॉस्पिटलमध्ये शफी अहमद यांनी २०१४ साली केलेलं असं प्रक्षेपण शंभराहून अधिक देशांतल्या हजारो विद्यार्थ्यांनी पाहिलं. यात पेशंटला नवा धोका फारसा नाही. सुरी अनुभवी हातात आहे, बाकीचे फक्त बघताहेत. जुन्या काळी ऑपरेशन थिएटरमध्ये पायऱ्यापायऱ्यांची गॅलरी असे, तीच इथे जगभर पसरली. उलट दिशेचं प्रकरण मात्र वेगळं आहे. तिथे चष्मा शिकणाऱ्याच्या नाकावर असतो, सुरी त्याच्या हातात असते आणि जाणता माणूस दूर असतो. पहिल्या प्रकाराचं यश दाखवून दुसऱ्याला परवानगी मागितली जाते, तेव्हा सावध व्हायला हवं.

या विषयावरच्या प्रत्येक भाषणात जी गाजलेली उदाहरणं येतात तीही नीट बघावीत. ७ सप्टेंबर २००१ रोजी फ्रेंच सर्जन झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथल्या एका बाईंचं पित्ताशय रोबोच्या मदतीने काढलं. अटलांटिक ओलांडून संदेश जायला-यायला सरासरी १५५ मिलिसेकंद लागत होते, त्यासाठी खास फायबर लाइन राखून ठेवली होती. कॅनडात २००३ पासून मेहरान अनवारी यांनी हॅमिल्टनमधून सुमारे ४०० किलोमीटरवरच्या नॉर्थ बे गावातल्या सर्जनना दुर्बिणीच्या अवघड शस्त्रक्रियांत साथ दिली. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्राममधून २८६ किलोमीटरवरच्या जयपूरच्या पेशंटवर भारतीय बनावटीच्या ‘एसएसआय मंत्र’ रोबोने हृदयाची शस्त्रक्रिया झाली. तिन्ही कामं मोठी आहेत. पण तिन्ही ठिकाणी पेशंटच्या शेजारी पूर्ण तयारीची सर्जिकल टीम उभी होती. लाइन तुटली असती तर ऑपरेशन तिथल्या तिथे पुरं करू शकणारी माणसं होती. नॉर्थ बेमधले सर्जन शिकाऊ नव्हते, त्यांचं रोजचं काम त्यांना येत होतं आणि ते त्याच्या पुढची पायरी चढत होते. बातमीत हे शेवटच्या परिच्छेदात येतं किंवा येतच नाही.

आता शिकण्याकडे येऊ. सर्जरीचे रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर, एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो, “तुमच्याकडे कटिंग कसं मिळतं?” कटिंग म्हणजे स्वतःच्या हाताने ऑपरेशन करायला मिळणं. पहिलं वर्ष रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरण्यात जातं, मग हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स, मग तिसऱ्या वर्षी मोठ्या केसेस. या प्रवासाच्या चार पायऱ्या मोजण्यासाठी अमेरिकेत झ्विश नावाची एक पट्टी वापरात आली. आधी सर करतात आणि बोलून दाखवतात. मग विद्यार्थी करतो, पण सर त्याला जोरदार मदत करत पुढे नेतात. मग सर नुसते साथ देतात, वाट विद्यार्थी काढतो. शेवटी सर फक्त लक्ष ठेवतात. चष्म्याचा विचार करताना मला ही पट्टी फार उपयोगी वाटते, कारण दूरच्या शिक्षकाची जागा तिच्यावर लगेच सापडते. शेवटच्या पायरीवर तो पुरेसा आहे. तिसऱ्या पायरीवर थोडाफार चालेल. दुसऱ्या पायरीवर त्याचा काही उपयोग नाही, आणि सर्जन घडतो तो तिथेच.

दुसऱ्या पायरीवर काय होतं हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगायला हवं. विद्यार्थी पेशंटच्या उजवीकडे उभा असतो, सर समोर, असिस्टंटच्या जागी. बघणाऱ्याला वाटतं, विद्यार्थी ऑपरेशन करतोय. खरं तर निम्मं ऑपरेशन समोरचे हात करत असतात. ऊती किती ताणून धरायची, कुठल्या दिशेला, कधी सैल सोडायची, हे सर ठरवत असतात. तो ताण नेमका असेल तर दोन थरांमधली पांढरी जाळीदार पातळी आपसूक उघडते आणि कात्री जिथे जायला हवी तिथेच जाते. विद्यार्थ्याला वाटतं, जमलं. त्याला कळतही नाही की वाट कुणीतरी धरून ठेवली होती. पुढे कधीतरी समोर नवखा इंटर्न उभा राहतो, तेच ऑपरेशन अचानक अवघड होतं, आणि मग कळतं. माझ्या एका सरांची सवय होती, मी चुकीच्या थरात शिरतोय असं दिसलं की ते काही न बोलता दोन बोटं माझ्या कात्रीखाली ठेवायचे. तेवढ्याने मी थांबायचो. त्या बोटांचं काम कुठला कॅमेरा करणार?

आणि स्पर्श. सुजलेलं आतडं हाताला कसं लागतं, टाका ओढताना ऊती कुठवर सोसेल आणि कुठे फाटेल, गाठ पुरेशी बसली की जास्त आवळली गेली, हे शब्दांत सांगता येत नाही. सरांचा हात त्याच ऊतीवर असतो म्हणून ते ‘पुरे’ म्हणू शकतात. दूरच्या माणसाला सपाट चित्र दिसतं. खोली नाही, ताण नाही. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माच्या सरावासाठी स्वतंत्र अध्याय आहे आणि त्या सरावाला ‘योग्या’ असा शब्द आहे. छेद घेण्याचा सराव कोहळ्यावर आणि काकडीवर, भेदनाचा पाण्या-चिखलाने भरलेल्या कातड्याच्या पिशवीवर, शिवण्याचा जाड कापडावर आणि मऊ कातड्यावर. प्रत्येक कामासाठी वेगळी वस्तू निवडली आहे ती हाताला लागणाऱ्या प्रतिकाराचा विचार करून. नुसतं बघून, ऐकून, पाठ करून हात तयार होत नाही, हे तेव्हाही माहीत होतं.

मग दूरच्या शिक्षकाकडून काय मिळतं? निर्णय. हे मला अनुभवाने पटलं आहे. अपघातात यकृत फाटलंय, रक्त थांबत नाही, अशा वेळी लांबून मिळणारा सर्वांत मोलाचा सल्ला असतो, “थांब. शिवणं सोड. मॉप (कापडाच्या घड्या) दाबून भर, पोट तात्पुरतं बंद कर, मोठ्या हॉस्पिटलला पाठव.” दुर्बिणीने पित्ताशय काढताना नळ्या नीट ओळखता येत नसतील तर “थांब. उघड, किंवा पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवून बाहेर ये.” मुख्य पित्तनलिकेला इजा होते ती बहुतेक वेळा हात थरथरल्यामुळे नाही, डोळ्यांनी एक नळी दुसरी समजल्यामुळे. तिथे ओटीत नसलेला, दमलेला नसलेला दुसरा डोळा खरोखर वाचवू शकतो. टेबलाशी उभ्या माणसाला थांबणं म्हणजे हार वाटते. लांबच्या माणसाला तसं वाटत नाही.

एक गोष्ट गंमतीची वाटेल पण महत्त्वाची आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत चष्म्याची गरजच नसते. कॅमेरा आधीच पोटात आहे, चित्र आधीच पडद्यावर आहे, ती केबल दुसऱ्या गावी नेली की काम झालं. चष्मा लागतो तो उघड्या शस्त्रक्रियेत: सीझर, हर्निया, फुटलेलं आतडं, हाड बाहेर आलेलं फ्रॅक्चर. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१५ च्या आयोगाने कुठलंही प्राथमिक पातळीचं रुग्णालय सक्षम आहे की नाही हे ओळखण्यासाठी ज्या तीन शस्त्रक्रिया निवडल्या त्या याच: सीझर, पोट उघडणं आणि उघड्या फ्रॅक्चरचा उपचार. त्याच आयोगाने जगातल्या ५०० कोटी लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही असंही सांगितलं. म्हणजे चष्मा जिथे खरा उपयोगी पडायचा ती जागा मोठ्या शहरातली झगमगीत ओटी नाही, तालुक्याची ओटी आहे.

आणि नेमकं उघड्या शस्त्रक्रियेत चष्म्याचं चित्र सर्वांत वाईट येतं. ओटीचा दिवा इतका प्रखर की जखम पांढरी फटक दिसते. सर्जन मान स्थिर ठेवून डोळे खाली वळवतो, कॅमेरा मात्र मान जिकडे वळलेली तिकडेच बघतो, त्यामुळे पलीकडच्याला जखमेऐवजी समोरच्या असिस्टंटचा गाऊन दिसतो. मास्कमुळे काचेवर वाफ धरते. आधीच नंबरचा चष्मा असेल, भिंग असेल, डोक्याला दिवा बांधला असेल तर कपाळावर आणखी एका वस्तूला जागाच उरत नाही. दिव्याच्या दांड्यावर कायमचा बसवलेला साधा कॅमेरा पुष्कळदा यापेक्षा बरं चित्र देतो. हे मी साधनाला नावं ठेवायची म्हणून सांगत नाही. विकत घेणाऱ्याने आधी आपल्या ओटीत, आपल्या दिव्याखाली, आपल्या नेटवर ते तासभर चालवून बघावं म्हणून सांगतोय.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा, हेही अनुभवाने शिकलेलं. चित्र अडकलं तरी चालतं, आवाज अडकला तर घात होतो. आपली भाषा इथे एक सापळा लावते. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. “ती कापू नको” मधला शेवटचा शब्द नेटने गिळला तर पलीकडे काय ऐकू जातं, याचा विचार करा. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगून ठेवलंय, लांबून बोलताना ‘नको’ हा शब्दच वापरायचा नाही. थांबवायचं असेल तर आधी “थांब”, मग पुढचं. प्रत्येक सूचना पलीकडच्याने स्वतःच्या तोंडाने परत म्हणायची, मगच हात हलवायचा. ‘डावीकडे’ असंही म्हणायचं नाही. कुणाची डावी? पेशंटची, सर्जनची की पडद्यावरची? ‘डोक्याकडे’, ‘पायाकडे’, ‘मध्यरेषेकडे’ म्हणायचं. उपग्रहावरून जोडणी असेल तर प्रश्नाचं उत्तर यायला अर्ध्या सेकंदापर्यंत जास्त वेळ लागू शकतो आणि दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, म्हणून बोलणं संपलं की ‘संपलं’ म्हणायचं. हे सगळं कुणीतरी बसून, मराठीत, लिहून काढायला हवं. चष्मा विकणारी कंपनी ते लिहून देणार नाही.

माझ्या भीतीबद्दल आता बोलतो. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ. जिल्ह्याच्या गावी कॉलेज यावं असंच मला वाटतं. त्या कॉलेजांतून उद्या पदव्युत्तर जागा निघतील आणि निघायलाही हव्यात. पण सर्जरीचे शिक्षक एका उद्घाटनात तयार होत नाहीत, आणि शहरातून वाशिमला किंवा गडचिरोलीला राहायला जायला किती जण तयार होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. अशा वेळी सोपा रस्ता दिसू लागतो: मुंबई-पुण्यातले चार प्राध्यापक पडद्यावर, जिल्ह्यातल्या ओटीत चष्मा घातलेले रेसिडेंट, आणि कागदावर ‘पर्यवेक्षण उपलब्ध’. रिकामं पद तसंच राहतं, पण ते रिकामं दिसत नाही. वर्गातलं व्याख्यान पडद्यावर गेलं तर नुकसान विद्यार्थ्याचं होतं. टेबलाशी उभा राहणारा शिक्षक पडद्यावर गेला तर नुकसान त्या पेशंटचं होतं जो शिकण्याचा भाग व्हायला कधी तयारच झाला नव्हता.

तो पेशंट कोण असतो? सरकारी रुग्णालयात येणारा, बहुधा गरीब, गडचिरोलीच्या दक्षिणेला कदाचित फक्त माडिया किंवा गोंडी बोलणारा. आपलं सगळं वैद्यकीय शिक्षण अशाच माणसांच्या शरीरांवर उभं आहे, माझंही. त्यांचं हे ऋण आपण मोजत नाही. दूरच्या शिक्षकाचा प्रयोग आधी त्यांच्यावरच होणार हे उघड आहे, म्हणून नियम त्यांच्या बाजूने कडक असायला हवेत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता तुटतो. तिथे रात्री बाई अडली तर ओटीत जो डॉक्टर असेल त्यालाच करावं लागेल. त्याला पडद्यावर कुणी मिळालं तर ते काहीच नसण्यापेक्षा हजारपट बरं. खरं आहे. तिथे चष्मा, फोन, जे मिळेल ते वापरावं आणि वापरणाऱ्याच्या पाठीशी सगळ्यांनी उभं राहावं. पण ती सुटका आहे, प्रशिक्षण नव्हे. पुरात अडकलेल्याला बादलीनेही पाणी उपसावं लागतं, म्हणून होडी बांधणाऱ्याने बादलीवर काम भागवायचं नसतं. आणीबाणीत जे क्षम्य ते ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये क्षम्य नाही. ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी मी एकच अट घालीन: लाइन कुठल्याही क्षणी तुटली तर टेबलाशी उभी असलेली माणसं ते ऑपरेशन पुरं करू शकतील किंवा सुखरूप थांबवू शकतील. हे जमत नसेल तर ते ऑपरेशन तिथे सुरूच करू नये, पडद्यावर कितीही मोठे सर असोत.

या अटीत बसणारी एक चांगली जागा आपल्याकडे तयार आहे. २०२१ च्या बॅचपासून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं, त्याला डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी म्हणतात. हे तीन महिने तिसऱ्या ते पाचव्या सेमिस्टरमध्ये येतात, म्हणजे रेसिडेंट अगदी कोरा नसतो. जिल्हा रुग्णालयात सर्जन असतात. अनेकांचा हात फार चांगला असतो, शिकवायची सवय मात्र नसते आणि वेळही नसतो. इथे तिघं जण जोडता येतील: टेबलाशी जिल्ह्याचे सर्जन, त्यांच्यासमोर रेसिडेंट, आणि कॉलेजातले शिक्षक लांबून. हात जिल्ह्याचे, नजर कॉलेजची. आठवड्यातून दोन ठरलेल्या यादीचे दिवस, हर्निया आणि हायड्रोसीलपासून सुरुवात. ऑपरेशननंतर पंधरा मिनिटं तिघांनी त्याच चित्रफितीवर बोलायचं: इथे का थांबलास, हा थर कसा ओळखलास. माझ्या मते शिक्षणाचा खरा फायदा या पंधरा मिनिटांत आहे. ऑपरेशन चालू असताना सतत कानात कुणी बोलत राहिलं तर मुलगा ऐकायला शिकतो, ठरवायला शिकत नाही. चांगला शिक्षक टेबलाशीही बराच वेळ गप्प असतो.

कायद्याच्या बाजूने इथे मोकळं रान आहे. २५ मार्च २०२० ला, कोविडच्या अगदी सुरुवातीला, आपल्याकडे टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांतून दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत: तंत्रज्ञान वापरून दुरून शस्त्रक्रिया करणं आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचं निरंतर शिक्षण. म्हणजे आपला विषय दोन्ही दारांबाहेर उभा आहे. लाइव्ह सर्जरीच्या प्रक्षेपणांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने नोटिसा काढल्या, पण ती चर्चा मुख्यतः परिषदांतल्या प्रात्यक्षिकांची होती. रात्री साडेअकराच्या माझ्या कॉलची जबाबदारी कुणाची, याचं उत्तर कुठे लिहिलेलं नाही. माझं मत असं: ऑपरेशनची जबाबदारी टेबलाशी असलेल्या सर्जनची, सल्ल्याची जबाबदारी सल्ला देणाऱ्याची. आणि दोघांची नावं, वेळ, काय विचारलं, काय सांगितलं, हे ओटी नोट्समध्ये लिहिलंच पाहिजे. त्या रात्रीच्या नोट्समध्ये माझं नाव नाही. ते असायला हवं होतं आणि ते लिही असं मी त्याला सांगायला हवं होतं.

संमतीचंही तसंच. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेशंटची संमती ही माहिती समजून दिलेली खरी संमती असली पाहिजे, आणि एका गोष्टीची संमती दुसरीला लावता येत नाही. मग कोण ऑपरेशन करणार, तो शिकतोय का, कॅमेरा असणार का, पलीकडे कोण बघणार, चित्रफीत ठेवणार का, हे पेशंटला त्याच्या भाषेत सांगायला नको? आणि ‘नाही’ म्हटलं तर त्याचं ऑपरेशन मागे पडणार नाही, हेही? कॅमेरा चालू व्हायचा तो पेशंटच्या अंगावर निर्जंतुक कापडं पडल्यानंतरच. सीझरसाठी टेबलावर घेतलेल्या बाईच्या बाबतीत तर यात एका मिनिटाचीही ढिलाई नको. चित्रफितीवर तिचा हक्क आधी, कॉलेजचा नंतर, कंपनीचा अजिबात नाही.

चित्रफितीची दुसरी बाजू रेसिडेंटची आहे. ती शिकवण्यासाठी ठेवायची की पकडण्यासाठी? चुकीनंतर तीच पुरावा म्हणून बाहेर येणार असेल तर कुठलाही तरुण सर्जन अडचणीत चष्मा काढून ठेवील, आणि मदत जेव्हा सर्वांत जास्त हवी तेव्हाच तो एकटा पडेल. इथे पेशंटचा न्यायाचा हक्क आणि शिकणाऱ्याचा निर्भय विचारण्याचा हक्क एकमेकांना भिडतात, आणि मला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. ओटी नोट्स सविस्तर, सह्यांनिशी, पेशंटला उपलब्ध. चित्रफीत मात्र शिकवून झाल्यावर ठरलेल्या मुदतीत पुसायची. सध्या मी इथवर आलोय.

खरेदीबद्दल थोडक्यात. गुगलने ग्लासची सामान्यांसाठीची विक्री २०१५ मध्ये थांबवली आणि उद्योगांसाठीची २०२३ मध्ये. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स या अशाच डोक्यावर घालायच्या यंत्राचं उत्पादन २०२४ मध्ये बंद केलं. ज्या रुग्णालयांनी आपली सगळी पद्धत या यंत्रांभोवती बांधली त्यांच्या हाती काय राहिलं? सरकारी रुग्णालयाने एका कंपनीच्या चष्म्यावर शिक्षण बांधू नये. चित्र, आवाज आणि नोंद कुठल्याही कॅमेऱ्यावर चालेल अशी पद्धत बांधावी. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं, त्याचे निष्कर्ष इतर सर्जनसोबत २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे युगांडात अशाच कापडाची रीतसर चाचणी होऊन २०१६ मध्ये ते महाग जाळीच्या तोडीचं ठरलं. स्वस्त वस्तू आणि कडक तपासणी, ही आपल्या ग्रामीण सर्जरीची रीत आहे. दिव्याच्या दांड्यावरचा कॅमेरा, चांगला माइक, इन्व्हर्टरवर चालणारा राउटर, यांची तशी तपासणी आधी व्हावी. चष्मा त्याहून बरा ठरला तर जरूर घ्यावा.

खर्चाच्या कुठल्याच प्रस्तावात जी ओळ मला दिसत नाही ती पलीकडच्या टोकाची आहे. तिथे कोण बसणार? दूरस्थ पर्यवेक्षण म्हटलं की सगळे टेबलाकडचा चष्मा बघतात, पण पलीकडे एक जागता माणूस लागतो, ज्याला ते ऑपरेशन येतं, ज्याने त्या पेशंटचे रिपोर्ट आधी पाहिलेत आणि ज्याच्यावर त्या वेळी दुसरं काम नाही. आज तो माणूस मेहेरबानीवर मिळतो. त्याची ड्युटी लावा, तिचे तास मोजा, पैसे द्या, त्याच्या रजेच्या दिवशी दुसरा नेमा. विभागातल्या रोस्टरवर जशी इमर्जन्सीची पाळी असते तशी ही पाळी लिहा, आणि ती पाळी करणारा शिक्षक त्या काळात ओटीतून वजा झाला असं समजून त्याच्या जागी माणूस वाढवून द्या.

त्या रात्री माझ्या विद्यार्थ्याने मला तिसरा फोन केला होता. आधी ज्या दोघांना लावला त्यांतले एक प्रवासात होते आणि दुसऱ्यांचा फोन बंद होता. मी जागा होतो, कारण घरी पाहुणे होते आणि जेवणं उशिरा झाली होती.